टपावर पाणी नव्हतंच

हे आत्ताच्या आत्ता लिहून टाकते. उद्यावर ठेवलं तर रात्रभरात मी स्वतःला काहीतरी समजावून सांगेन आणि मग लिहिणारच नाही, माझं मला माहितीये. टायपिंगच्या चुका असतील, सांभाळून घ्या. काल लातूरला मला गळतीमामा भेटले आणि त्यांनी मला एक प्रश्न विचारला. तो शेवटी सांगते. आधी मामा कोण ते कळलं पाहिजे, नाहीतर तो प्रश्न एकदम साधा वाटेल.

मामांचं खरं नाव गंगाधर पांचाळ. एमआयडीसीच्या मागच्या रस्त्याला गाड्यांच्या बॉडीचं काम करणाऱ्यांची रांग आहे ना, तिथं अगदी शेवटचं पत्र्याचं शेड त्यांचं, आणि शेडच्या मागं दोन खोल्यांचं घर. मामा एकच काम करतात. गाडीच्या टपातून पाणी गळत असेल तर ते कुठून येतं ते शोधायचं आणि बंद करायचं. ट्रॅव्हल्स, शाळेच्या बस, अॅम्ब्युलन्स, काहीही आणा. पण कुणी म्हणालं, मामा तेवढा दरवाजाचा चेपही काढून द्या, तर हात वर करून सांगणार, "ते समोर इचारा. आपलं खातं फक्त पाण्याचं."

मी फिजिओथेरपिस्ट. मूळची नांदेडची, शिकून झाल्यावर लातूरला एका दवाखान्यात लागले, आणि नवी म्हणून घरोघरी जायचं काम माझ्याकडं. मामांच्या बायकोचा, सुमनमामींचा, डावा हात आणि डावा पाय चार वर्षांपासून गेलेला. हप्त्यातून तीनदा मी त्यांच्याकडं जायचे. मामींचा व्यायाम झाला की शेडमध्ये चहा, आणि चहा पिता पिता मामांचं काम बघणं. खरं सांगू, व्यायामापेक्षा मी त्यासाठीच जायचे.

कारण ते काम बघण्यासारखंच होतं. मामांकडं स्टीलच्या तीन डब्या. एकीत हळद, एकीत कुंकू, एकीत कपड्याची नीळ. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला वाटलं पूजा मांडलीय. तर मामा टपावर चढून जिथं जिथं शंका तिथं पाणी कालवून ओतणार. पुढच्या जोडावर हळदीचं, मधल्या झाकणाशी निळीचं, मागच्या कॅरियरच्या बोल्टांना कुंकवाचं. मग खाली येऊन गाडीत मांडी घालून बसायचं, मांडीवर धोतराचं पांढरं फडकं पसरायचं, आणि गप. बोललं की ओरडा. मोबाइल वाजला तर बाहेर. "गप ऱ्हावा, पाणी बोलून राह्यलंय." अर्धा तास, कधी तास. मग टप्प. फडक्यावर पिवळा ठिपका पडला तर भोक पुढं, निळा पडला तर मध्ये, लाल पडला तर मागं.

एकदा एका ट्रॅव्हल्सचा ड्रायव्हर भांडायलाच आला होता. म्हणे नऊ नंबरच्या सीटवर पाणी पडतं, मी तिथं दोनदा सिलिकॉन भरलं, तरी पडतंच. मामा म्हणाले, "तू रडणाऱ्याच्या डोळ्यात बोळा कोंबलास बाबा. आरं, पाणी जिथं टपकतं तिथं घुसत नसतंय. घुसतंय एकीकडं, चालतंय दुसरीकडं, अन् पडतंय तिसऱ्याच्याच डोक्यावर." थेंब लाल पडला. भोक पार मागं, नऊ नंबरपासून दहा फुटांवर. ड्रायव्हर म्हणाला, जादूच की. मामा म्हणाले, जादू कसली, रोज गाडी उभी करतोस तिथं तुझं पुढचं चाक खड्ड्यात असतंय, म्हणून पाणी पुढं चालत येतंय, जाऊन बघ. तो खरंच फोन करून मालकाला विचारत होता, आपल्याकडं खड्डा आहे का म्हणून. होता.

आणि ती माहूरची जीप. भाविकांना घेऊन माहूरगडाला फेऱ्या मारणारी गाडी, टपावर लोखंडी नळी ठोकून देवीचा झेंडा लावलेला, आणि पाणी बरोबर त्या नळीच्या बुडातून आत. हे मामांना खालूनच दिसलं होतं. पण मालक ऐकेना. देवीचा झेंडा हाय, काढायचा न्हाई, दुसरं कायबी करा. मामांनी वाद घातला नाही. वर चढले, त्याच डब्यांतली हळद आणि तेच कुंकू झेंड्याला वाहिलं, हात जोडले आणि मालकाला ऐकू जाईल असं म्हणाले, "आई, जरा पुढं सरक. लेकरं भिजून राह्यलेत तुझे." नळी काढली आणि समोरच्या बंपरला बसवून दिली. मालकाला वर सुनावलं की भोक पाडायच्या आधी तू देवीला विचारलं होतंस का, मग काढताना कशाला विचारतोस. मालकसुद्धा हसला.

म्हणजे माणूस असा. हुशार, तिरकस, देवभोळाही आणि नाहीही. पण एक खोड होती, आणि ती सांगितलीच पाहिजे. टपाला भोक नाही हे मामा मान्यच करायचे नाहीत. एका अॅम्ब्युलन्सवाल्यानं सांगितलं होतं, मामा, हे एसीचं पाणी असेल, टप चांगलंय. मामांनी दोन दिवस आतलं सगळं छत उतरवलं आणि मोहरीएवढं भोक शोधून दाखवलं. त्या दिवशी त्यांचा चेहरा बघायला पाहिजे होता तुम्ही. मला म्हणाले, "चाळीस वर्सं झाली पोरी. भोक नसलेलं टप मी बघितलं न्हाई."

आता मामींचं.

आमच्याकडं पॅरालिसिस कुणी म्हणत नाही. अंगावरून वारं गेलं म्हणतात. आणि एकदा अंगावरून वारं गेलं म्हटलं की पुढचं आपोआप येतं. वारं लागू देऊ नका. पंखा नको, खिडकी नको, दार लावा, कानाला बांधा. मामी चार वर्षं मागच्या खोलीत तशाच होत्या, कानाला मफलर, खिडकीला पोतं. मेंदूतली रक्ताची नळी बंद झाली, वाऱ्याचा काही संबंध नाही, हे मी कॉलेजात परीक्षेला लिहून मार्क घेतलेत. पण पहिल्याच दिवशी मामांनी विचारलं, म्याडम, वारं लागलेलं चालतंय का हिला? आणि मी नवी, मला यांच्या घरात टिकायचं होतं, म्हातारी माणसं खूश व्हावीत असं वाटत होतं. मी म्हणाले, नको, वारं जपाच. मामींनी लगेच माझा गालगुच्चा घेतला, शहाणी पोरगी म्हणून. तेव्हापासून मी म्याडमची पोरी झाले.

मामी एकदम खट. वाचा शाबूत होती, थोडी जड. दोघांना मूलबाळ नाही, त्यामुळं दिवसभर बोलणं एकमेकांशीच. मामा त्यांना मालकीणबाई म्हणायचे, आणि मामी सरळ आडनावानं, पांचाळ. "पांचाळ, चहा पांचट केलाव." "पांचाळ, ती पोरगी उभी हाय, तुमी काय स्टूल अडवून बसलाव."

मामींचं माहेर देगलूर. तिथं एक धाकटा भाऊ, नामदेव. दरवर्षी भाऊबीजेला तोच लातूरला यायचा, पिशवीभर काही ना काही घेऊन. पण साखरेनं त्याचा उजवा पाय गुडघ्याखालून काढावा लागला, आणि त्याचं येणं थांबलं. इकडं बहीण पडून, तिकडं भाऊ कुबडीवर. चार वर्षं दोघं एकमेकांना फोनच्या काचेत बघत होते. लहानपणी शेजाऱ्यांकडून शिकलेलं तेलुगू दोघं मस्करीत बोलायचे. तो विचारायचा, "एट्लुन्नव अक्का?" कशी आहेस. ही म्हणायची, "मंचिगुन्न." बरी आहे. रोज तेच, आणि रोज फोन ठेवल्यावर मामी भिंतीकडं तोंड करून घ्यायच्या.

गेल्या वर्षी आषाढात नामदेवमामांचा दुसरा पायही काळा पडायला लागला. त्या दिवशी मी तिथंच होते. मामींनी फोन ठेवला आणि म्हणाल्या, "पांचाळ, औंदा भाऊबीजेला मला देगलूरला न्या. पुढल्या साली आमच्यातलं कोण असंल, कोण नसंल."

साधी गाडी जमणार नव्हती. मामींना बसता यायचं नाही, तासाभरात कंबर धरायची, आणि लघवीचं वगैरे सगळं जागेवर. मग मामांनी काय केलं, भंगारात निघालेली एक फिरत्या दवाखान्याची गाडी आणली. आत माणूस उभा राहील एवढी उंच. आणि तिची घरगाडी केली. यूट्यूबवर ज्याला मोटरहोम म्हणतात ना, ते मी मामांना मोबाइलवर दाखवलं होतं, गोऱ्या लोकांचं, आणि मामा ते बघून म्हणाले होते, असलं तर मी महिन्यात करतो. केलं. खाट, खाटेला कठडा, छोटा गॅस, बेसिन, पाण्याची टाकी, मागच्या दाराला उतरती फळी. खाटेशेजारी मोठी काच, पडल्यापडल्या बाहेर दिसेल अशी. टपावर मधोमध दवाखान्याच्या वेळचं हवेचं झाकण होतं, ते तसंच.

मामींना एकदा सवय म्हणून आत झोपवलं, आणि त्या बाहेर यायलाच तयार होईनात. कशाला येतील? मागच्या खोलीत पोतं बघायचं, आणि इथं रस्ता. कुणाची म्हैस, कुणाचं भांडण, शाळा सुटलेली पोरं, सगळं दिसायचं. मला बातम्या सांगायला लागल्या त्या. मामांनीही आपलं अंथरूण तिथंच टाकलं. गाडी शेडबाहेर उभी, दोघं त्यात. श्रावणापासून दिवाळीपर्यंत.

आणि पहिल्या मोठ्या झडीत मामींच्या कपाळावर थेंब पडला.

मामी काय हसल्या होत्या. साऱ्या जिल्ह्याची गळती काढतेत आणि बायकोच्या डोक्यावर पाणी, असं येणाऱ्या जाणाऱ्याला सांगायच्या. मामाही हसले. तीन डब्या काढल्या, टपावर चढले, हळद, नीळ, कुंकू. खाली येऊन फडकं पसरून बसले. थेंब पडला.

कोरा. ना पिवळा, ना निळा, ना लाल.

असं त्यांच्या हातून कधी झालं नव्हतं. मामा म्हणाले, म्हंजे चौथीकडं भोक हाय. दुसऱ्या दिवशी चौथीकडं, पाचवीकडं. थेंब कोरेच. आणि ते बरोबर पत्रा जोडणाऱ्या आतल्या रिवेटांवर दिसायचे, ओळीनं, मण्यांसारखे, त्यामुळं मामांची खात्री की रिवेटच गळतायत. एकेक रिवेटवर सिलिकॉन. मग जोडांवर. थेंब वाढले. मग मामांनी ते हवेचं झाकण बंद केलं, कडेनं बोटभर जाड सिलिकॉन भरून. थेंब अजून वाढले. मग सरकत्या काचांच्या फटी, त्याही कायमच्या बंद. मामांना दुहेरी समाधान. पाणीबी न्हाई, वारंबी न्हाई.

मी आत जायचे तेव्हा चष्म्यावर वाफ धरायची. गॅसवर मामींच्या अंगाला लावायचं गरम पाणी उकळत असायचं, पाऊस म्हणून धुतलेले कपडे आतच दोरीवर, दोन माणसांचा श्वास, आणि दार लावलेलं. मोठी काच सकाळी आतून पांढरी. मामी उजव्या हाताच्या बोटानं ती पुसून रस्ता बघायच्या. एकदा तर मी त्या वाफेवर बोटानं मामांचं चित्र काढलं, मिशीसकट, आणि मामी खोकेस्तोवर हसल्या.

खोकेस्तोवर. तो खोकला दसऱ्याला सुरू झाला. खाटेच्या डोक्याकडच्या कोपऱ्यात छताला काळे ठिपके आले होते, कुबट वास यायचा. मी एकदा तोंड उघडलं होतं. म्हणाले, मामा, दुपारी थोडा वेळ मागचं दार उघडं ठेवलं तर. मामांनी माझ्याकडं असं बघितलं की जणू मीच भोक पाडलंय. म्हणाले, वारं लागंल की, तूच तर म्हणालीस. मी म्हणाले, हो, ते पण आहे. आणि मामींच्या पाठीवर थापट्या मारून कफ सुटतो का बघत बसले.

पाऊस गेला तरी थेंब पडतच होते. मामांकडं त्याचंही उत्तर होतं. पत्र्याच्या आत थर्माकोल असतंय, त्यात मुरलेलं पाणी उतरून राह्यलंय, संपंल आठ दिवसात. उत्तर हुशार माणसाचं होतं, म्हणून कुणालाच शंका आली नाही.

भाऊबीजेच्या दिवशी सकाळी आम्ही निघालो. मला तसंही नांदेडला घरी जायचं होतं, देगलूरहून पुढं जाईन म्हणून मीही बसले. मामा गाडी चालवत होते, मी मामींजवळ. मामींनी नवी साडी नेसवून घेतली होती, हिरवी. रात्री झोप नव्हती झाली, दम लागत होता, बोलताना मध्येच थांबायच्या. पण तोंडावर आनंद. उदगीर जवळ आलं तसं रस्त्याकडेला चहाला थांबलो. आकाश एकदम लख्ख, महिनाभर पावसाचा टिपूस नाही, गार पडलं होतं.

मामा चहा घेऊन आत आले आणि त्याच वेळी मामींच्या कपाळावर थेंब पडला. मामींनी हसून विचारलं, "पांचाळ, पाऊस आला का हो?"

मामा चहा ठेवून टपावर चढले. मला वरून पावलं ऐकू येत होती, पुढं गेली, मागं गेली, मग थांबली. खाली आले तेव्हा त्यांनी मला नुसतं बोट दाखवलं. बोटावर कोरडी धूळ. महिनाभराची.

मग ते आत येऊन खाटेच्या कडेवर बसले आणि छताकडं बघत राहिले. रिवेटांच्या ओळी, प्रत्येकावर मणी. उठून एक थेंब त्यांनी बोटावर घेतला आणि जिभेला लावला. बाजूचा स्टीलचा पेला उचलला, रिकामा, गार, आणि त्यावर तोंडानं हा केलं. पेला पांढरा झाला. त्यांनी तो पुसला. परत हा केलं. परत पांढरा.

"हे वरचं न्हाई," मामा म्हणाले. "आपलंच हाय. आपलाच श्वास."

मामींना समजलं नसावं. मला समजलं. चाळीस वर्षांत पहिल्यांदा भोक नसलेलं टप त्यांना भेटलं होतं, आणि ते त्यांनी स्वतः केलेलं होतं.

त्यानंतर त्यांनी जे केलं ते मी विसरू शकत नाही. पान्हे ठेवायच्या पेटीतनं सुरी काढली, मामींच्या खाटेच्या कठड्यावर चढले, आणि झाकणाच्या कडेचं सिलिकॉन कापायला लागले. पांढरे लांब तुकडे खाली पडत होते, मामींच्या हिरव्या साडीवर. झाकण वर ढकललं तसं गार वारं सरळ आत आलं, मामींच्या तोंडावर. मामा तसेच हात वर करून उभे. मामींनी डोळे मिटले आणि म्हणाल्या, "लई बरं वाटलं बघा."

मी मामींची नाडी बघितली, ओठ बघितले. निळसर होते. मामांना बाहेर बोलावून सांगितलं, मामा, देगलूर नको, इथूनच दवाखान्यात नेऊ, उदगीरला. मामांनी आत जाऊन मामींना तसं सांगितलं. मामींनी एवढंच विचारलं, देगलूर किती राहिलं. तासाभराचं, मामा म्हणाले. मामी म्हणाल्या, "मग आधी नाम्या. मग तुमचा दवाखाना."

मी अडवायला पाहिजे होतं का? मला अजून कळत नाही.

देगलूरला घरासमोर सगळे उभे होते. नामदेवमामा कुबड्यांवर, अंगात कडक इस्त्रीचा सदरा. मामांनी मागचं दार उघडलं, फळी टाकली. पण नामदेवमामांना त्या उतरत्या फळीवरून चढवेना, आणि मामींना उतरवायची माझी हिंमत होईना, श्वास इतका वाढला होता. खाट अशी बसवलेली की डोकं पुढं आणि पाय दाराकडं. म्हणजे भावाला दाराशी उभं राहिल्यावर बहिणीचे दिसणार ते पाय. चेहरा लांब, आत, अंधारात; मोठी काच पलीकडच्या बाजूला, शेजारच्या भिंतीला लागलेली.

त्यांनी तिथूनच हाक मारली. "एट्लुन्नव अक्का?"

आतून एक दम घेऊन आवाज आला, "मंचिगुन्न."

मग नामदेवमामांनी एक कुबडी बायकोकडं दिली, वाकले, आणि हात लांब करून बहिणीचा जो हाताशी आला तो पाय धरला. धरूनच ठेवला. कपाळ टेकवलं त्यावर. बोलत होते काहीतरी, लहानपणीच्या विहिरीचं, कुणाच्या तरी लग्नाचं. तो डावा पाय होता. मामींना त्या पायात चार वर्षं काही कळत नव्हतं. मी मामींच्या डोक्याशी बसले होते. त्यांना कळलं नाही भावानं कुठं धरलंय, त्या मला हळूच विचारत होत्या, नाम्या कुठं गेला, बोलतोय पण दिसंना. मी सांगितलं, तुमचा पाय धरलाय मामी. त्या म्हणाल्या, हाव का. आणि उजवा हात त्या पायाकडं न्यायला बघितला. पोचला नाही.

नामदेवमामांच्या बायकोनं ताट आणलं होतं. दाराशीच, मी मामींच्या नावानं ओवाळलं. अर्धा तास. मग नांदेड.

नांदेडला सहा दिवस होत्या. डॉक्टर म्हणाले न्यूमोनिया. मामांनी कशानं झाला म्हणून विचारलं, तर डॉक्टर म्हणाले, चार वर्षं पडून आहेत, वय आहे, ओल असेल घरात, कशानंही होतं आजोबा. ओल हा शब्द आल्यावर मामांनी पुढचं काही ऐकलं नाही. सहाव्या दिवशी दुपारी मामी गेल्या. गाडी सहाही दिवस दवाखान्याच्या भिंतीला लागून उभी होती. मामा आत झोपायला गेले नाहीत, बाहेर फुटपाथवर बसून राहायचे. मी घरून डबा न्यायचे. ते घासभर खायचे आणि डबा धुऊन द्यायचे.

त्यानंतर मी लातूरला त्यांच्याकडं गेलेच नाही. काम नव्हतं ना, पेशंट नव्हता. हे कारण मी स्वतःला सात महिने दिलं.

काल त्या रस्त्याला दुसऱ्या एका पेशंटकडं जायचं होतं. शेडसमोर शाळेची बस उभी, आणि टपावर मामा. वाळलेत खूप. मी मान खाली घालून निघालेच होते, तर वरून आवाज आला, थांब पोरी. शिडीवरनं उतरले, एकेक पायरी, हात पुसत माझ्यापाशी आले. घरच्यांची चौकशी केली. नामदेवमामांचा दुसरा पायही काढला हे सांगितलं. आणि मग विचारलं. रागानं नाही हो. एखाद्या गाडीचं विचारावं तसं.

"तू शिकलेली हायस पोरी. वाऱ्याचं काय नसतंय, अन् दार उघडं ठिवायला पायजे होतं, हे तुला म्हाईत होतं का?"

समोर बसचा ड्रायव्हर उभा होता. चहाची गाडी चालली होती. मी मामांच्या डोळ्यात बघितलं. हो म्हणाले असते तर अर्धं ओझं माझ्यावर आलं असतं, आणि ते खरं होतं. नाही म्हणाले तर सगळं त्यांच्यावरच राहणार होतं.

मी म्हणाले, "नाही मामा. नव्हतं माहीत."

ते म्हणाले, "मग ठीक हाय. तुलाच न्हाई कळलं तर मला कुठनं कळंल." आणि माझ्या डोक्यावर हात ठेवला, पांढरं सिलिकॉन लागलेला, आणि परत शिडी चढून गेले. मी खाली उभी होते. वरून त्यांनी ड्रायव्हरला सांगितलं की आत जाऊन आधी सगळ्या खिडक्या उघड.

मला कालपासून झोप नाही. म्हणून विचारते, खरंखुरं सांगा, तुमचं झालंय का असं कधी? की तुम्हाला माहीत होतं, नीट माहीत होतं, आणि समोरच्या माणसाला वाईट वाटेल म्हणून तुम्ही मान हलवलीत? आणि नंतर त्यानं येऊन विचारलं, तेव्हा काय सांगितलंत?